वर्गाला संशोधन शिकवताना : एक प्रश्न, आठ आठवडे, आठशे कार्डं

सोमवारी फळ्यावर ‘भूकंप – प्रकल्प’ असं लिहायचं आणि शुक्रवारी वह्या जमा करायच्या, अशी पद्धत असेल तर बहुतेक वह्यांत पहिला परिच्छेद तोच निघतो. मुलांना बोल लावण्याआधी आपण काय मागितलं ते पाहावं. आपण विषय दिला, प्रश्न दिला नाही. वेळ दिला चार दिवसांचा. गुण दिले ते मुखपृष्ठाला, अक्षराला आणि चिकटवलेल्या चित्रांना. एवढ्यावर मूल कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंटआऊट काढून आणणार, दुसरं काय करणार?

शोध घेताना लागणारा धीर उपदेशाने येत नाही. तो सवयींनी येतो, आणि त्या सवयी तासिकेत बसवून शिकवता येतात. पुढची पद्धत आठवी-नववीच्या चाळीस मुलांच्या वर्गासाठी आहे. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि वर्गात एखादाच संगणक, अशा शाळेतही ती चालते. आठवड्याला दोन तासिका, अशा एकूण सोळा तासिका लागतात. मुख्याध्यापकांशी आधी बोलून त्या वेळापत्रकात घालून घ्या. ‘ऑफ तासाला करू’ म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात काम थांबतं.

आधी जमवायच्या वस्तू आणि कागद

- कार्डं : प्रत्येक मुलाला २०, म्हणजे ८००. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले तर २०० कागद पुरतात. पाठकोरे कागदही चालतात, फक्त मागची बाजू आडवी रेघ मारून खोडून टाका.
- चार-चार मुलांचे दहा गट आणि प्रत्येक गटाला एक शंभरपानी ‘शोधवही’.
- वर्गासाठी एक मराठी शब्दकोश आणि एक नकाशासंग्रह.
- आठवड्यातून दोन तास इंटरनेट असलेला एक संगणक किंवा शिक्षकाचा फोन. यापेक्षा जास्त नको.
- सार्वजनिक ग्रंथालयाच्या नावे मुख्याध्यापकांचं पत्र : किती मुलं, कोणत्या दिवशी, किती वेळ.
- पालकांची लेखी संमती : ग्रंथालयभेट आणि ज्येष्ठांच्या मुलाखती, दोन्हींसाठी.
- चपलांची रिकामी खोकी, कार्डं ठेवायला.

१. विषयाचा प्रश्न करा (पहिला आठवडा)

या पायरीला दोन्ही तासिका द्या. इथे घाई केली तर पुढचे सात आठवडे वाया जातात.

चांगल्या प्रश्नाच्या तीन कसोट्या फळ्यावर लिहा. एका ओळीच्या शोधात उत्तर मिळू नये. उत्तराची निदान दोन साधनं आपल्या आवाक्यात असावीत, म्हणजे गावात, तालुक्यात किंवा संकेतस्थळावर. आणि सहा आठवड्यांत ‘एवढं कळलं, एवढं कळलं नाही’ असं म्हणता यावं.

‘पाणीटंचाई’ हा विषय झाला. ‘आमच्या वाडीतल्या तीन विहिरी कोणत्या महिन्यात आटतात, आणि वीस वर्षांपूर्वी कधी आटत होत्या?’ हा प्रश्न झाला. ‘आमचं गाव’ या विषयातून ‘१९५१ ते २०११ या काळात गावाची लोकसंख्या कोणत्या दशकात सर्वांत जास्त वाढली?’ हा प्रश्न निघतो. त्याला जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका लागतात आणि गणितही लागतं.

या लेखात उदाहरण म्हणून एकच प्रश्न शेवटपर्यंत वापरला आहे : *कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची तारीख, तीव्रता आणि मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा का दिसतो?* सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या शाळांना तो विशेष सोयीचा आहे, कारण तो हादरा आठवणारी माणसं अजून भेटतात.

मुलं ‘भूकंप का होतात?’ असे अफाट प्रश्न आणतील. ते खोडू नका. त्याखाली ‘कुठला? कधीचा? कोणी मोजला?’ असे तीन उपप्रश्न लिहायला लावा. प्रश्न आपोआप अरुंद होतो.

२. संगणक उघडण्याआधी शब्द जमवा (दुसरा आठवडा, पहिली तासिका)

शोधवहीत तीन रकाने पाडायला सांगा : आम्हांला ठाऊक आहे, आम्हांला वाटतं, शोधायचे शब्द. पहिल्या दोन रकान्यांतला फरक मुलांना लगेच कळत नाही. ‘तुला हे कोणी सांगितलं?’ एवढं विचारलं की बरीच वाक्यं पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जातात.

तिसरा रकाना मराठीत शोधणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. आपली भाषा शब्दाला प्रत्यय लावते आणि शब्दाचं रूपही बदलते. ‘कोयना’ लिहून शोधलं तर ‘कोयनेचा’, ‘कोयनेतील’, ‘कोयनानगरला’ असं लिहिलेली पानं सुटू शकतात. म्हणून प्रत्येक मुख्य शब्दाची तीन-चार रूपं लिहून घ्या आणि वेगवेगळी शोधा. साल दोन्ही आकड्यांत टाइप करा, देवनागरीत आणि रोमनमध्ये. ‘भूकंप’बरोबर ‘धरणीकंप’ही शोधा. जुन्या इंग्रजी साधनांत पुण्याचं पूना असतं, सोलापूरचं शोलापूर असतं. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले. त्याआधीच्या मजकुरात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘पुणें’ असे अनुस्वार सापडतात आणि आजच्या लेखनाने शोधलं की ते हाती लागत नाहीत.

आणखी एक अडचण हमखास येते. पुस्तकाची पानं नुसती स्कॅन केलेली असतील तर संगणकाच्या दृष्टीने ते फोटो असतात, त्यांत शब्द शोधता येत नाही. काही जुन्या मराठी फाइली युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये असतात. मजकूर नीट दिसतो, पण कॉपी केला की अगम्य चिन्हं उमटतात. दोन्ही वेळी उपाय एकच : अनुक्रमणिका आणि शेवटची सूची काढा आणि पानं डोळ्यांनी चाळा.

३. ग्रंथालयात एक फेरी (दुसरा आठवडा, दुसरी तासिका)

१९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘ड’ वर्गाच्या छोट्या ग्रंथालयातही वर्तमानपत्रं आणि थोडे संदर्भग्रंथ मिळतात. ग्रंथपालांना आठवडाभर आधी प्रश्न कळवा, म्हणजे ते पुस्तकं काढून ठेवतील.

मुलांना तिथे तीन कामं द्या : मराठी विश्वकोशात आपल्या विषयाची नोंद शोधणं, एका पुस्तकाच्या मागच्या सूचीवरून नेमकं पान गाठणं, आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवरून लेखक, प्रकाशक, ठिकाण, आवृत्ती आणि साल उतरवून घेणं. विश्वकोश संकेतस्थळावरही फुकट वाचता येतो, पण पहिल्यांदा तो हातात घेऊन वाचू द्या. खंड अकारविल्हे कसे लावलेले असतात ते मुलांना तेव्हाच उमगतं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शोधताना बहुतेक जण चुकतात. चुकू द्या, मग वर्णक्रम समजावा.

४. एक पान, चाळीस मिनिटं (तिसरा आठवडा)

वर्ग बदलायला लागतो तो इथे. प्रश्नाशी संबंधित दीड-दोन पानांचा मजकूर निवडा आणि कागदावर छापून द्या. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक होते. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या मर्यादेत, पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो असं त्यात दिसलं. नुसत्या गोष्टीरूप मजकुरात तसा फरक आढळला नाही. म्हणून सगळं छापायची गरज नाही. गाभ्याची दोन-तीन पानं मात्र कागदावरच हवीत.

तेच पान चार वेळा वाचायचं.

*पहिलं वाचन* दहा मिनिटं, हातात पेन्सिल नाही. खोलीत शांतता. तुम्हीही टेबलाशी बसून वाचा, हजेरी भरू नका. मुलं तुमच्याकडेच बघत असतात.

*दुसरं वाचन* पेन्सिल घेऊन, पण अट अशी की सबंध पानावर पाचच ओळींखाली रेघ मारायची. अट नसेल तर मुलं सगळं पान रंगवतात. सहावी ओळ महत्त्वाची वाटली तर आधीची एक खोडावी लागते. खोडताना मूल जो विचार करतं, तो करून घेण्यासाठीच हा तास आहे.

*तिसऱ्या वाचनात* प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात तीन-चार शब्द लिहायचे. परिच्छेदातले शब्द वापरायचे नाहीत.

*चौथ्यात* पान पालथं घालायचं आणि शेजाऱ्याला दोन मिनिटांत सांगायचं. जिथे अडखळलं तिथेच परत वाचायचं.

भरभर वाचणारी मुलं चार मिनिटांत ‘झालं’ म्हणतात. त्यांना पुस्तक बदलून देऊ नका. ‘या पानाने उत्तर दिलं नाही असे दोन प्रश्न लिही’ म्हणा. वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी पहिला परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचा आणि पुढे जोडीने वाचू द्या. अशा मुलाला सर्वांसमोर उभं करून वाचायला लावलं तर त्याचा पुस्तकावरचा विश्वास कायमचा जातो.

शांत वाचनाची वेळ दहा मिनिटांवरून दर आठवड्याला दोन-दोन मिनिटांनी वाढवा. आठव्या आठवड्यात मुलं वीस मिनिटं सलग बसतात. पहिल्याच दिवशी अर्धा तास लादला तर चुळबुळ होते आणि ‘आमच्या मुलांना बसवतच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

५. कार्डावर एकच गोष्ट (तिसऱ्या आठवड्यापासून पुढे)

कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात विषयशब्द, उजव्या कोपऱ्यात साधनाचा क्रमांक, मध्ये एक माहिती, खाली पान क्रमांक आणि तारीख. साधनांची पूर्ण यादी शोधवहीच्या शेवटच्या पानावर क्रमांकाने लिहायची. भरलेलं कार्ड असं दिसतं :

> वेळ . . . . . . . . . . . . . . साधन ४
> भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. लोक झोपेत होते.
> पान १२ – मंगळवारी उतरवलं

माहिती लिहिताना पुस्तक बंद. वाचायचं, मिटायचं, आठवून स्वतःच्या शब्दांत लिहायचं, उघडून आकडे तपासायचे. कॉपी-पेस्टवर बंदी घालून जे साधत नाही ते या एका सवयीने साधतं. मूळ शब्द जसेच्या तसे हवे असतील तर अवतरणचिन्हात, आणि एका कार्डावर दोन ओळींपेक्षा जास्त नाही.

‘साधन : गुगल’ असं लिहिलेलं कार्ड परत करा. गुगलने पत्ता दिला, माहिती कोणाच्या तरी पानावर होती. त्या पानाचं नाव, लिहिणारा आणि तारीख हवी. तिन्ही सापडत नसतील तर तेच कार्डावर लिहायचं : ‘लेखक नाही, तारीख नाही.’

६. साधन कोणाचं, कोणासाठी? (चौथा आठवडा)

अनोळखी संकेतस्थळ समोर आलं की मुलं त्याच पानावर खालीवर करत राहतात. नीटनेटकं दिसलं की विश्वास ठेवतात. त्यांना उलटं शिकवा : पान तसंच ठेवून दुसरी खिडकी उघडायची आणि हे पान चालवणाऱ्यांविषयी इतर काय म्हणतात ते पाहायचं. व्यावसायिक तथ्यतपासनीस असंच करतात. विकिपीडियाला नाकं मुरडू नका. खालचे संदर्भ उघडायला आणि ‘इतिहास’ या कळीवर लेखात कधी काय बदललं ते पाहायला लावा. मराठी आणि इंग्रजी लेख शेजारी ठेवले तर आकड्यांतला फरक तिथेच दिसतो.

गावाच्या इतिहासासाठी इंग्रजी अमदानीतली गॅझेटिअर्स, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ, उपयोगी पडतात : नाशिकचं १८८३ चं, साताऱ्याचं १८८५ चं. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने ती संकेतस्थळावर ठेवली आहेत. बाजार, रस्ते, पिकं, देवळं यांची बारीक माहिती त्यांत मिळते. पण ती राज्यकर्त्यांनी कारभारासाठी लिहवून घेतली होती, आणि जातीजमातींविषयीची वर्णनं पूर्वग्रहांनी भरलेली आहेत. हे मुलांना स्पष्ट सांगितल्याशिवाय ती पानं हातात देऊ नयेत.

जनगणनेच्या आकड्यांतही खाचखळगे आहेत. गावाची लोकसंख्या एकदम निम्मी झालेली दिसली तर लोक गेले असं मानण्याआधी वाडी वेगळी झाली का, धरणात जमीन गेली का, नगरपालिकेची हद्द वाढली का, हे तपासायला लावा.

ज्येष्ठांची मुलाखत वीस मिनिटांची, सहा प्रश्नांची, दोघा मुलांनी मिळून घ्यावी. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं. ‘आजी, भूकंप फार मोठा होता ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘तुम्ही तेव्हा कुठे होता? केवढ्या होता? घरात कोण कोण होतं? शेतात काय काम चाललं होतं?’ असं विचारलं की आठवण मोकळी होते आणि काळही पडताळता येतो. माणसं १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप एकमेकांत मिसळतात. त्यात गैर काही नाही, पण कार्डावर ‘आठवण’ असं वेगळं लिहिलं पाहिजे. नाव लिहू का, हे विचारून घ्यायचं. नको म्हटलं तर ‘वय सुमारे ७०, पाटण तालुका’ एवढं पुरे.

७. साधनांची भांडणं फळ्यावर मांडा (पाचवा आठवडा)

सगळ्या गटांची कार्डं गोळा करून फळ्यावर तक्ता करा : साधन, तारीख, वेळ, तीव्रता, मृत. कोयनेच्या बाबतीत तक्ता साधारण असा भरतो. आपल्याकडच्या पुस्तकांत तारीख ११ डिसेंबर, परदेशी भूकंपयाद्यांत १० डिसेंबर. तीव्रता कुठे ६.३, कुठे ६.५, कुठे ६.६. मृत कुठे १७७, कुठे १८०, कुठे ‘सुमारे २००’.

मुलांचा पहिला कल असतो बहुमत घेण्याचा, नाहीतर ‘छापखान्याची चूक’ म्हणण्याचा. उत्तर सांगू नका. तारखेपाशी थांबा आणि नकाशासंग्रहातलं वेळेचं पान उघडायला लावा. परदेशी याद्या जागतिक वेळ वापरतात, आणि आपली प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटेच्या ४ वाजून २१ मिनिटांतून साडेपाच तास वजा केले की आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं होतात, म्हणजे १० डिसेंबर. दोन्ही तारखा बरोबर निघतात. ही वजाबाकी मुलांनीच करायची. तुम्ही केलीत तर त्या तासातलं सर्वांत मोलाचं हरवतं.

तीव्रतेचं उत्तर वेगळं आहे. भूकंप मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, वेगवेगळ्या लहरींवरून आकडा काढतात, आणि एकाच धक्क्याला थोडे वेगळे आकडे येतात. हा फरक क्षुल्लक नव्हे : या मापनात ०.३ वाढले की लहरीची उंची जवळजवळ दुप्पट होते. म्हणून आकड्यासोबत कोणतं मापन, हेही कार्डावर हवं. मृतांच्या आकड्याला असं सुटसुटीत उत्तर मिळत नाही. तिथे मुलांनी ‘साधनांत एकमत नाही’ असं लिहायचं आणि तिन्ही आकडे साधनांसह द्यायचे. अशा उत्तराला पूर्ण गुण मिळतात हे वर्गाला आधीच सांगा, नाहीतर मुलं धीर सोडून एक आकडा निवडतात.

८. चॅटबॉट सहाव्या आठवड्यात, त्याआधी नाही

चॅटजीपीटीसारखी साधनं मुलांच्या घरात आलेली आहेत. बंदीने ती फक्त लपतात. क्रम मात्र पाळा. स्वतःची कार्डं हातात असल्याशिवाय मुलाला त्या उत्तरातली चूक ओळखताच येत नाही, आणि सफाईदार मराठीवर ते विश्वास ठेवतं.

शिक्षकाच्या खात्यावरून, वर्गासमोर, वर्गाचा प्रश्न विचारा. या सेवांना वयाच्या अटी असतात, म्हणून मुलांची खाती काढू नका आणि मुलांची नावं त्यात टाकू नका. उत्तर छापून वाक्यांना क्रमांक द्या. गटांनी प्रत्येक वाक्यासमोर खूण करायची : आमच्या कार्डाशी जुळतं, जुळत नाही, आमच्याकडे कार्डच नाही. तिसऱ्या खुणेची वाक्यं घेऊन पुन्हा साधनांकडे जायचं. मग त्यालाच पुस्तकांची यादी मागा आणि ती पुस्तकं ग्रंथालयाच्या यादीत शोधा. अशी साधनं कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं लेखक-सालासकट देतात. ग्रंथालयात पुस्तकं हाताळलेल्या मुलांना हे स्वतः सापडलं पाहिजे.

९. लेखन आणि गुण (सातवा व आठवा आठवडा)

कार्डं जमिनीवर पसरून क्रम लावायचा, मगच लिहायचं. मर्यादा ६०० शब्द. प्रश्न काय होता, कुठे कुठे पाहिलं, काय सापडलं, काय सुटलं नाही. चित्रं चिकटवायची नाहीत. नकाशा किंवा तक्ता स्वतः काढलेला चालेल.

२० गुण असे वाटा : प्रश्न ३, कार्डं ७, साधनांची निवड आणि नोंद ४, लेखन ४, तोंडी २. मुखपृष्ठ आणि सजावटीला शून्य. हे वाटप पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. पालकही ते वाचतात आणि मग रात्री जागून मुलाची वही सजवत बसत नाहीत.

तोंडी परीक्षा प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे चाळीस मुलांना दोन तासिका पुरतात. खोक्यातून त्या मुलाचं कुठलंही एक कार्ड काढा आणि विचारा : हे कुठे सापडलं? तिथे आणखी काय होतं? हे चूक असेल तर कशावरून कळेल? दुसऱ्याने लिहून दिलेलं कार्ड दुसऱ्या प्रश्नातच उघडं पडतं. तेव्हा रागावू नका, ते एक कार्ड पुन्हा करून आणायला सांगा.

काम संपलं की कार्डं मुलांना परत देऊ नका. प्रश्नाप्रमाणे गठ्ठे करून दोऱ्याने बांधा, खोक्यावर साल आणि इयत्ता लिहा. ‘सुटलं नाही’ अशी कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात वर ठेवा. जूनमध्ये नवी तुकडी आली की पहिल्या तासिकेला तोच गठ्ठा उघडायचा. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून खोक्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो बदला.